खोक्यावरचं नाव

गळ्याच्या ऑपरेशनात ह्यांचा आवाज गेला. गळ्याला लावून बोलायचं एक मशीन मिळतं, असं डॉक्टर म्हणाले. मलकापूरला एक बाई लोकांना बाहेरदेशच्या वस्तू मागवून देते, क्रीम, अत्तर, असं. तिलाच सांगितलं. तिच्या नावावर सारखा माल आला की कस्टमवाले धंदा समजतात, म्हणून तिनं पार्सल ह्यांच्याच नावानं मागवलं. मला बजावलं, "फोन आला तर सांगजा, घरच्या वापराले आहे, विकाले नाही."

पार्सल मुंबईत येऊन अडकलं. मी भाकरी टाकतानाही फोन जवळ ठेवायची. ह्यांना काही हवं असलं की ते ताटलीवर चमचा वाजवत. दिवसभर तो चमचा. माझे कान थकले होते, आणि बाकीची मी त्याच्याही आधी.

एका दुपारी फोन आला. कुरिअरचा माणूस होता. पार्सल कोणाचं, म्हणाला.

"आमच्या घरच्यांचं."

"नाव सांगा."

"ज्यांच्या नावानं आलं, तेच."

त्यालाही कंटाळा आला असावा. आधारवरचं आणि खोक्यावरचं नाव जुळवून घ्यायचं आहे, नाही जुळलं तर माल परत जाईल, एवढं सांगून तो थांबला.

ह्यांचं नाव मी कधी घेतलं नाही. आमच्यात बाया घेत नाहीत. दवाखान्यातही मी आधार कार्डच पुढं करायची. फोन ह्यांच्याकडं नेला. त्यांनी तोंड उघडलं, नुसती हवा निघाली. मग माझ्याकडं बघून चमचा वाजवला.

मला नाव घ्यायची एकच रीत येते, हळदीकुंकवातली. तोंडावर पदर धरला आणि म्हटलं, "चुलीवर तवा, तव्यावर भाकर," मग नाव घेतलं, ते इथं लिहीत नाही, "पार्सल सोडा लवकर."

तो म्हणाला, "आडनावही त्यातच घ्या, ताई."

आडनाव माझंही तेच. ते सरळ सांगितलं.

मशीन आलं. आवाज पत्र्याच्या डब्यात बोलल्यासारखा. ह्यांनी पहिल्यांदा गळ्याला लावलं तेव्हा मी भांडी घासत होते. पाणी मागतील असं वाटलं.

"अजून एकदा घे."

"काय?"

"नाव."

"कंबर दुखून राह्यली माही," मी म्हटलं. "उद्या पाहू."

त्यांच्या ताटलीतला चमचा उचलला आणि घासायला घेतला.