दिवेलागणीची भूक

देवाजी गजभियेची दारू सुटली ती एका चुकलेल्या वळणामुळे.

लकडगंजातल्या एका लाकडाच्या व्यापाऱ्याच्या मुलाची वरात निघाली होती. पुढे नानाजींचा बँड, मागे घोडा. नानाजींच्या बँडमध्ये देवाजी ट्रंपेट वाजवायचा. ट्रंपेट वाजवणारे नागपुरात तेव्हाही खूप होते, पण देवाजीसारखा लांब दम कोणाचा नव्हता. त्याने एक सूर धरून ठेवला की घोड्यावरचा नवरदेवसुद्धा मुंडावळ्या बाजूला सारून बघायचा. त्या दिवशी मात्र देवाजी भरपूर पिऊन उभा होता. चौकात बँड डावीकडे वळला. देवाजी डोळे मिटून वाजवत होता, तो सरळ गेला. पुढच्या गल्लीत भलत्याच घरचा मांडव होता आणि नवरी सासरी निघायची वेळ झाली होती. त्या रडारडीच्या मधोमध उभं राहून देवाजीने मोठ्या तालात नाचाचं गाणं वाजवलं. बायका रडायच्या थांबल्या, नवरीला हसू आवरेना. शेवटी नवरीच्या मामाने त्याचा दंड धरला आणि अगदी मानाने त्याला परत चौकात आणून सोडलं.

आठवडाभर इंदोऱ्यातल्या पोरांना तेवढाच खेळ झाला. तोंडाजवळ मूठ धरायची, डोळे मिटायचे आणि भिंतीवर जाऊन आपटायचं. देवाजीची मुलगी जया तेव्हा तिसरीत होती. ती घरी आली आणि दप्तर ठेवता ठेवता म्हणाली, "बाबा, पोट्टे तुमची नक्कल करून राहिले. मी बी हासली."

बायकोची बोलणी देवाजीला पाठ होती. छप्पन साली धम्मदीक्षेच्या वेळी बापाच्या शेजारी उभं राहून, हात जोडून, दारू पिणार नाही असं तो मोठ्याने म्हणाला होता. अंजनाबाई त्याची आठवण रोज करून द्यायची, आणि रोज ऐकून ऐकून ती आठवण बोथट झाली होती. पण "मी बी हासली" हे त्याला नवीन होतं.  ओसरीवरून उठून तो आत आला आणि म्हणाला, "अंजना, आजपासून बंद."

"हव," अंजनाबाई म्हणाली. तिने हे आधीही ऐकलं होतं.

पण या वेळी ते खरं निघालं. पहिले काही दिवस फार वाईट गेले. हात थरथरायचे, घामाने अंथरूण भिजायचं, पोटात पाणी ठरत नव्हतं. अंजनाबाई सदरमधल्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला जायची. तिने रजा घेतली आणि ओली फडकी, लिंबाचं पाणी आणि शिव्या या तिन्हींच्या जोरावर नवऱ्याला त्यातून बाहेर काढलं. देवाजी उठून बसला, दाढी केली, आरशात स्वतःकडे नीट पाहू शकला. त्या दिवशी तिने मोठं पातेलं भरून खीर केली आणि गल्लीभर वाटली.

पुढचं सगळं त्या खिरीच्या पातेल्यापासून सुरू झालं. वाटून झाल्यावर पातेलं आत ठेवून ती बाहेर बोलत उभी राहिली. परत आली तो पातेलं चाटूनपुसून साफ. तिला आनंदच झाला. माणसाला अन्न गोड लागू लागलं म्हणजे बरं वाटतंय, असं तिला वाटलं.

मग ते रोजचं झालं. दिवसभर देवाजी ठीक असायचा. दिवेलागण झाली, पूर्वी जी गुत्त्यावर जायची वेळ ती झाली, की त्याच्या जिवाची तगमग सुरू व्हायची. तोंडाला काहीतरी पाहिजे असायचं. जरीपटक्याच्या बाजारात एका सिंधी हलवायाचं दुकान होतं. देवाजी तिथे गरम जिलबी खायला जायचा आणि कढई उतरेपर्यंत उठायचा नाही. घरी येऊन जेवायचा. जेवण झालं की डब्यातले मुरमुरे, मुरमुरे संपले की गूळ, गूळ संपला की सकाळची शिळी पोळी. पोट टम्म झालेलं असायचं, श्वास घेता यायचा नाही, तरी हात डब्याकडे जायचा. मग अंथरुणावर पडून तो स्वतःला शिव्या द्यायचा आणि उद्या काहीच खायचं नाही असं ठरवायचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत खरंच काही खायचा नाही. संध्याकाळी पुन्हा जिलबी.

बँडच्या लाल कोटाला हे सोसेना. उन्हाळ्याच्या लग्नसराईत एका वरातीत देवाजीने आपला तो प्रसिद्ध लांब सूर धरला. सूर चढत गेला आणि पोटावरचं पितळी बटण सुटून थेट पुढच्या आनंदरावच्या ढोलावर टण्णकन आपटलं. आनंदरावला वाटलं, ताल बदलायची खूण आहे. त्याने ताल बदलला. वरातीतली माणसं नव्या तालावर नाचू लागली आणि ताल आवडला म्हणून शिट्ट्याही पडल्या.

वरात संपल्यावर नानाजींनी बटण त्याच्या हातावर ठेवलं. "काय गा देवाजी, आधी तुले सांभाळत होतो. आता तुह्या गुंड्या सांभाळू काय?"

सगळे हसले, देवाजीही हसला. पण त्याला जी गोष्ट कळली होती ती नानाजींना कळली नव्हती. सूर मध्येच तुटला होता. दम पुरला नव्हता. आणि त्याच्या ट्रंपेटच्या पेटीत, मखमलीच्या कापडाखाली, लग्नघरातून लपवून आणलेले बुंदीचे लाडू होते. पूर्वी त्याच जागी बाटली असायची.

अंजनाबाईने आपल्या परीने उपाय केला. धान्याच्या कोठीला कुलूप लावलं, किल्ली कमरेला. त्याने काही फरक पडला नाही. कुलूप पाहिलं की देवाजीला आणखीच भूक लागायची.

त्यात कामठीला तिची बहीण सत्यवती बाळंत झाली. अंजनाबाईने तिच्यासाठी डिंकाचे लाडू केले. खोबरं किसून, खारका कुटून, डिंक तुपात फुलवून, वसतिगृहातलं काम सांभाळून केले. डबा भरला आणि उद्या कामठीला न्यायचा म्हणून कपाटावर ठेवला. घाईत सांगायचं राहिलं, की सांगायची गरज वाटली नाही, कोण जाणे. ती कामावरून आली तेव्हा देवाजी जमिनीवर बसला होता, डबा मांडीवर होता आणि डब्यात भुगा होता.

ती ओरडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती ओरडली नाही. समोर बसली आणि म्हणाली, "जयाचे बाबा, मले खरं सांगा. तुमाले भूक लागते काय?"

देवाजीने मान हलवली. "नाही वं. भूक नसते. पोट तर दुखून राहते. पण हात थांबत नाही." डब्यातल्या भुग्याकडे बघत तो म्हणाला, "बाळंतिणीचे लाडू खाल्ले मी. दारूतबी एवढं नीच काम नव्हतं केलं."

"केलं होतं," अंजनाबाई म्हणाली. "तुमच्या ध्यानात नाही, एवढंच."

यावर देवाजीला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही. तो मोकळा रडला. अंजनाबाईने त्याचे हात धुवून दिले, तोंड पुसलं आणि त्याला घेऊन ती दोन घरं पलीकडच्या शोभाताईंकडे गेली.

शोभाताई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. विधवा बाई, कडक इस्त्रीची साडी, बोलणं सुईसारखं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. देवाजीला वाटलं होतं त्या आता खाणं बंद करायला सांगतील.

"सकाळी काय खाल्लं होतं, देवाजीभाऊ?" त्यांनी विचारलं.

"काहीच नाही, ताई. मी दिवसभर कडक राहतो."

"कडक राहता म्हणूनच हे होऊन राहिलं. एवढी वर्षं संध्याकाळ झाली की शरीराले दारू भेटत होती. आता ते त्या वेळेले मागते, काय मागते ते त्याचं त्यालेच समजत नाही. त्यात तुम्ही त्याले दिवसभर उपाशी ठेवता. मग ते सोडीन काय?" त्या अंजनाबाईकडे वळल्या. "तू ते कुलूप काढ वं पहिले. घर हाय का तुरुंग? सकाळी खाऊ घाल, दुपारी खाऊ घाल, संध्याकाळी दिवे लागायच्या आधी पुन्हा खाऊ घाल. सगळ्यांत बसून, ताटात वाढून. लपून एक फुटाणाबी नाही."

"आणि दिवे लागल्यावर?" देवाजीने भीत भीत विचारलं. खरी अडचण तीच होती.

"त्या वेळेले हात रिकामे ठेवू नका," शोभाताई म्हणाल्या. "काय करायचं ते तुमचं तुम्ही पाहा. मी नर्स आहे, जादूगार नाही."

 घराच्या दाराशी आल्यावर अंजनाबाई भिंतीला टेकलेल्या सायकलकडे बघत म्हणाली, "माझे लाडू खाल्ले ना तुम्ही? आता मले सायकल शिकवा."

देवाजीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काहून?"

"सदरपर्यंत रोज पायी जाऊन माह्या टाचा फुटल्या. तुमची सायकल तर दिवसभर उभीच राहते."

सायकल चालवणाऱ्या बायका नागपुरात होत्या, पण त्या मास्तरणी, पाचवारी साडीतल्या, लेडीज सायकलीवर बसणाऱ्या. देवाजीची सायकल उंच, दांड्याची. मात्र अंजनाबाई नऊवारी लुगडं नेसायची, घट्ट काष्टा घालून, त्यामुळे दांड्याची अडचण तिला नव्हतीच. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाजी-पोळी खाऊन दोघं शाळेमागच्या मैदानावर गेली. ती सीटवर, तो मागे कॅरिअर धरून. अर्धा इंदोरा बघायला आला.

"सोडू नका!" अंजनाबाई ओरडायची.

"सोडत नाही वं! पायडल मार!"

"मारून तर राहिली!"

"समोर पाह्य ना, माह्याकडं काय पाहून राहिली?"

सायकल उकिरड्यात गेली, बाभळीत गेली, एकदा तर एका म्हशीच्या पोटाला जाऊन टेकली आणि म्हशीने नुसती मान वळवली. देवाजी मागे धावून धावून घामाघूम व्हायचा. मैदानाला फेऱ्या मारताना जरीपटक्याकडून कढईचा वास यायचा तेव्हा त्याचं मन तिकडे ओढायचं, नाही असं नाही. पण कॅरिअर सोडलं तर बायको पडणार, तेव्हा जाणार कुठे? अंधार पडला की दोघं घरी यायची, पाय धुवायची आणि जयाला घेऊन जेवायला बसायची. एके दिवशी देवाजी घास तोंडात धरून थबकला.

"काय झालं?" अंजनाबाईने विचारलं.

"वांग्याची भाजी मस्त झाली," तो म्हणाला. कितीतरी महिन्यांत त्याने भाजी कशी झाली ते पाहिलंच नव्हतं.

पाऊसपाणी सरेपर्यंत अंजनाबाई सायकल शिकली. एका संध्याकाळी देवाजी कॅरिअर धरून धावत होता आणि बघतो तर हात रिकामे, सायकल पुढे. शेजारच्या प्रमोदिनीबाईंनी टाळ्या वाजवल्या. जया हसत, किंचाळत सायकलमागे पळाली. आता तिच्या हसण्याचं देवाजीला काही वाटलं नाही.

एवढ्यावर सगळं मिटलं असं मात्र झालं नाही. हिवाळ्यात मौद्याला एका लग्नाला बँड गेला आणि बँडवाल्यांना उतरायला जी खोली मिळाली तिथेच बुंदीच्या परातीही झाकून ठेवल्या होत्या. देवाजीने तिथे काय केलं ते त्याने कोणापासून लपवलं नाही. घरी येऊन दारातच सांगितलं, "अंजना, काल सुटलो मी. भल्लीच बुंदी खाल्ली."

"सांगितलं ना? झालं मग. हात धुवा, जेवाले बसा."

"पोट फुटून राहिलं, जेवू कसा?"

"नका जेवू. पण ताटावर बसा. उपास नाही करायचा."

तो बसला. दोन घास भात खाल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखी भाकर खाल्ली आणि संध्याकाळी मैदानावर गेला. आता शिकवायला कोणी नव्हतं, म्हणून ट्रंपेट घेऊन गेला आणि अंधार पडेपर्यंत एकेक सूर धरत बसला. आजूबाजूच्या घरांनी तक्रार केली. मग तो मैदानाच्या पार टोकाला, रेल्वेच्या रुळांकडे जाऊन वाजवू लागला. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांनी तक्रार केली नाही. पुढच्या लग्नसराईपर्यंत लांब दम परत आला. पोट थोडं उतरलं, सगळं नाही. नानाजींनी शिंप्याकडून कोट उसवून मोठा करून घेतला आणि तो विषय संपवला.

असे घसरण्याचे दिवस पुढेही आले, पण त्यांच्यातलं अंतर वाढत गेलं. आले की देवाजी घरी सांगायचा, आणि सांगितलं की निम्मं ओझं उतरायचं. दारूला त्याने पुन्हा हात लावला नाही.

जया कॉलेजात जाऊ लागली त्या वर्षी ढोलवाल्या आनंदरावने दारू सोडली. महिनाभराने तो संध्याकाळी देवाजीच्या घरी आला, तो खिशात शेंगदाण्याच्या पुड्या भरूनच. त्याची नजर चुलीवरच्या पातेल्यावरून हलेना. देवाजीने त्याला काही विचारलं नाही. पाट मांडला, ताट वाढलं आणि म्हणाला, "बैस गा. खिशातले बी ताटात काढ. सगळे मिळून खाऊ."

जेवता जेवता त्याने आनंदरावला सगळं सांगितलं. लाडूंचंसुद्धा. आनंदराव ऐकून विचारात पडला.

"म्हणजे मले बी बायकोले सायकल शिकवा लागते काय?"

"ते कौशल्याले विचारा," अंजनाबाई म्हणाली. "तिले काय शिकायचं हाय ते ती सांगीन."

आनंदरावने घरी जाऊन बायकोला विचारलं. कौशल्याला लिहायला-वाचायला शिकायचं होतं. हे ऐकून आनंदराव दुसऱ्या दिवशी तोंड पाडून परत आला, कारण त्याला स्वतःलाच अक्षर येत नव्हतं. जयाने दोघांचं नाव वस्तीतल्या प्रौढ शिक्षणाच्या वर्गात घातलं. वर्ग नेमका दिवेलागणीला भरायचा. नवराबायको शेजारी शेजारी पाट्या घेऊन बसू लागली. कौशल्या भराभर पुढे गेली. आनंदराव 'ढ' अक्षरापाशी पोचला तेव्हा त्याने मास्तरांना विचारलं, "ढोलाचा हाच काय?" आणि 'हव' म्हटल्यावर तेच एक अक्षर पाटीभर काढून, वर्ग सुटेपर्यंत तो ते सगळ्यांना दाखवत बसला.