पन्नासात सतरा

तुमच्या घरच्या भिंतीवर नापास झालेलं काही टांगलेलं आहे का? आमच्या वडवणीच्या घरी आहे. पुढच्या खोलीत, घड्याळाशेजारी, काचेत.

ते एका अमेरिकन चित्रकाराचं कोलाज आहे. फाटके नकाशे, बसची तिकिटं, साबणाच्या वेष्टणाचा तुकडा आणि मधोमध निळ्या कागदाचा हात, असं सगळं चिकटवून त्यानं चित्र केलं आणि त्याच्या प्रती छापल्या. ऊसतोड बायकांचा अभ्यास करायला आलेल्या एक अमेरिकन बाई आमच्याकडे महिनाभर राहिल्या होत्या. परत गेल्यावर आईच्या भाकरीला जागून त्यांनी ते पाठवलं. चित्रकार त्यांचा मित्र.

मी ते फ्रेमवाल्याकडे नेलं. त्याच्या दुकानात देव आणि वारलेली माणसं एवढीच असतात. त्यानं विचारलं, हे कधी गेले? कोणी गेलेलं नाही म्हटल्यावर त्याचा उत्साह थोडा ओसरला. चित्राखालच्या कोऱ्या पट्टीवर पेन्सिलीनं १७/५० लिहिलं होतं, शेजारी सही. हे खरडलेलं कापून टाकतो, म्हणाला. मी कापू दिलं नाही.

त्या आकड्याचा अर्थ बाईंनी फोनवर सांगितला. पन्नासच प्रती काढायच्या, प्रत्येकीवर हातानं सही करायची, मग छपाईचा साचा मोडून टाकायचा. आमची प्रत सतरावी. मी भडकले. आमचे वडील शेतीतून वेळ काढून आयुष्यभर पत्रकं वाटत आले. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवर, आणि प्रत्येकाच्या तळाशी एकच ओळ असायची: वाचा आणि पुढच्याला द्या. आणि हा माणूस मुद्दाम साचा मोडतो! बाई हसल्या. मग तू सगळ्यांना दाखव, म्हणाल्या. म्हणून ते आतल्या खोलीत न लावता पुढे लावलं.

जूनमध्ये दहावीचा निकाल लागला. माझ्या धाकट्या बहिणीचं गणित राहिलं, तेही थोडक्यात. ती मागच्या खोलीत जाऊन बसली. जेवायला यायची, पण कोणाकडे बघायची नाही. पुरवणी परीक्षेचा विषय काढला की उठून जायची.

चारच दिवसांत थोरले काका आले. हातात पेढे नव्हते, केजचं स्थळ होतं. मुलगा चांगला, जमीन बागायती, पोरगी तशीही नापास, मग घरात बसवून काय करता, असं त्यांचं म्हणणं. वडील मान खाली घालून ऐकत होते. पोरींची लग्नं लवकर करू नका, हे पत्रक त्यांनी वडवणीच्या बाजारात कितीदा वाटलं असेल, पण थोरल्या भावापुढे त्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. धाकटी अवघी सोळाची. मी कायद्यापासून सुरुवात केली.

“झालं, पुढारीणबाई सुरू झाल्या,” काका म्हणाले आणि माझ्याकडे बघायला नको म्हणून भिंतीकडे बघू लागले. चष्मा वर सारून ते चित्राजवळ गेले. बराच वेळ वाचलं.

“काय बे,” ते वडिलांना म्हणाले, “पन्नासात सतरा? पास व्हायला साडेसतरा लागतात. अर्ध्या मार्कानं गेलंय की हे.”

मागच्या खोलीतून हसू आलं. निकालानंतर पहिल्यांदाच आलं. मग पाठोपाठ धाकटीच बाहेर आली, ओढणी सावरत, डोळे अजून सुजलेले.

“काका, ते नापास होऊन बी अमेरिकेहून आणून काचेत बसवलंय,” ती म्हणाली. “मग मलाच कावून केजला धाडता?”

आधी वडील हसले. मग आई. काकांनी हसू मिशीत दाबायचा प्रयत्न केला, पण त्यांना ते जमलं नाही.

“दादा,” वडील म्हणाले, “तिचा फॉर्म भरायचा हाय. स्थळाला न्हाई म्हणून कळवा.”

माझं कायद्याचं भाषण निम्म्यातच राहिलं. ते अजून माझ्याकडे पडून आहे. काकांनी चहा घेतला, जाताना पुन्हा एकदा चित्राकडे बघितलं आणि धाकटीला म्हणाले, “लई बोलतीस. निदान याच्यापेक्षा जास्त आण.” मी आकड्याचा खरा अर्थ सांगायला तोंड उघडलं, तर तिनं माझा पाय दाबला. तो अर्थ काकांना आजही माहीत नाही.

पुरवणीत ती सुटली. किती मार्क पडले ते सांगत नाही. विचारलं की चित्राकडे बोट दाखवते आणि म्हणते, याच्याहून जास्त. आता ती अकरावीला जाते. साचा मोडणाऱ्या त्या चित्रकाराशी माझं भांडण मिटलेलं नाही, पण काच मात्र मी दर रविवारी पुसते.

आता तुमच्याकडे एक मागणं आहे. यंदा निकालाच्या दिवशी तुमच्या गल्लीत ज्या घरी पेढे वाटले जाणार नाहीत, त्या घरी आधी जा. पेढे तुम्ही न्या. मुलीला बाहेर बोलवा, पुरवणीचा फॉर्म कधी भरायचा ते विचारा आणि भरेपर्यंत पिच्छा सोडू नका. आणि हे वाचून झालं की पुढच्याला द्या.