व्याह्यांचं फुप्फुस

बरणीचं झाकण मीच उचललं. कुणी सांगितलं नव्हतं. उलट 'हात लावू नये' अशी पाटी समोर होती आणि ती मी वाचलीही होती. आत धुतलेल्या मलमलीसारखं पांढरंशुभ्र मेंढीचं फुप्फुस पाण्यात तरंगत होतं. नीट दिसावं म्हणून मी वाकलो, मास्क जरा हनुवटीवर ओढला, आणि सकाळपासून दाबून ठेवलेली शिंक नेमकी तेव्हाच सुटली. शिंक साधीसुधी नव्हती. वर्षानुवर्षं प्राणायाम केलेल्या माणसाची होती.

आम्हाला प्रयोगशाळा दाखवणारी तनुजा नावाची मुलगी पुढे झाली. तिने झाकण लावलं, बरणी उचलली आणि बाद मालाच्या लाल डब्याशेजारी नेऊन ठेवली. कित्येक दिवस धुऊन तयार केलेला सांगाडा माझ्या एका शिंकेत गेला. शेजारी उभे असलेले माझे व्याही सांडूअण्णा एवढंच म्हणाले, "सर्दी हाय म्हणून सांगायचं ना, इवाई."

मी ते का सांगितलं नाही, हे समजायला आधी सांडूअण्णा समजायला हवेत.

अण्णा मूळचे पाचोडचे. घरची मोसंबीची बाग थोरल्या भावावर सोपवून ते तरुणपणीच वाळूजच्या एका कारखान्यात लागले, रंगखात्यात राबले आणि बजाजनगरात घर करून राहिले. नोकरी रंगाची झाली, पण माणूस मोसंबीचाच राहिला. जगातली कुठलीही गोष्ट ते मोसंबीवरून समजून घेतात आणि मोसंबीवरूनच समजावतात. आमच्या ऋतुराजला त्यांनी त्यांची सायली दिली, तेव्हा मला बाजूला घेऊन म्हणाले होते, नवं झाड हाय, पहिल्या वर्षी पाणी कमी पडू देऊ नका.

तेव्हापासून मी वरबाप आणि ते मुलीचे बाप. या नात्यात मानाची पायरी ठरलेली असते. टोपी-टॉवेल आधी मला, ताट आधी मला, फोटोतली मधली खुर्ची मला. मी काही मागत नव्हतो. मिळत होतं ते नाकारत नव्हतो, इतकंच. कुठलंही कार्य असो, अण्णा दारातच म्हणायचे, "इवाई, तुम्ही वर बसा." मी वर बसायचो. सवय लागली होती.

मागच्या थंडीत अण्णांच्या फुप्फुसात गाठ सापडली. त्या दिवसांत मी मनापासून घाबरलो होतो, हे आताच सांगून ठेवतो, कारण पुढे मी फारसा बरा दिसणार नाही. ऑपरेशन झालं, गाठ साधी निघाली. पण गाठीबरोबर भोवतालचा थोडा चांगला भागही काढावा लागतो. तो टाकून देण्याऐवजी आम्हाला संशोधनासाठी द्याल का, असं विचारायला ही तनुजा दवाखान्यात आली होती.

अण्णांनी विचारलं, त्याचं करणार काय? तिने सांगितलं. मेंढीचं फुप्फुस घ्यायचं, ते साबणासारख्या औषधात धूत राहायचं, मेंढीच्या पेशी सगळ्या निघून जातात आणि नुसती पांढरी जाळी उरते. त्या जाळीवर माणसाच्या पेशी वाढवायच्या, यंत्राने त्यात हवा खेळवायची, की ते फुप्फुस बरणीत बसल्या बसल्या श्वास घेऊ लागतं. मग त्यात फ्लूचा, सर्दीचा, कोरोनाचा विषाणू सोडायचा आणि तो कुठून शिरतो, कसा पसरतो, कुठल्या औषधाने अडतो ते बघायचं. उंदराला आपला आजार आपल्यासारखा होत नाही, आणि जित्या माणसाचं फुप्फुस काही उघडून बघता येत नाही.

अण्णांनी क्षणभर विचार केला. "म्हंजी खुंट मेंढीचा आन् डोळा माझा," ते म्हणाले. "भरा की." मोसंबीचं कलम असंच करतात; जंबेरीच्या रांगड्या खुंटावर मोसंबीचा डोळा भरतात आणि फळ मोसंबीचं येतं. तनुजाला हे इतकं आवडलं की ती आता पाहुण्यांना फुप्फुस समजावताना हेच सांगते म्हणे.

झालं. त्या दिवसापासून आमच्या गोतावळ्यात माझी किंमत उतरू लागली.

नातवाच्या जावळाला पाहुणे आले ते थेट अण्णांकडे. कसंय तुमचं फुप्फुस? श्वास घेतं का? सर्दी झाली का त्याला? जणू मुलगा परदेशी शिकायला गेलाय. अण्णाही पोराची खुशाली सांगावी तसं सांगत होते. मी मधल्या खुर्चीवर एकटा. एवढ्यात आमच्या आशाबाई, म्हणजे माझी सख्खी बायको, पदर सावरत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "अण्णा, तुम्ही वर बसा."

हे वाक्य आमच्या घरात माझ्यासाठी राखून ठेवलेलं होतं.

लोक दुसऱ्याच्या बंगल्यावर जळतात, गाडीवर जळतात, पोरांच्या पगारावर जळतात. मी कापून काढलेल्या एका तुकड्यावर जळत होतो. आणि का जळू नये? उस्मानपुऱ्यातल्या आमच्या गच्चीवर रोज पहाटे मी माझी दोन्ही फुप्फुसं घासूनपुसून लख्ख ठेवतो. बिडीचा धूर त्यांनी पाहिलेला नाही. अण्णांची मात्र सगळी उमर थिनरच्या वासात आणि तंबाखूच्या संगतीत गेली. आणि विज्ञानाला हवं झालं त्यांचं. गुणवत्तेला या देशात वाव नाही म्हणतात, तो असा.

मग सायलीने बातमी आणली. ज्यांनी आपल्या पेशी दिल्या त्यांना प्रयोगशाळेने भेटीला बोलावलं होतं, आणि शिवाय त्यांना वयस्कर पण धडधाकट माणसांच्याही पेशी हव्या होत्या. नाकात मऊ कुंचला फिरवून पेशी काढतात, कापाकापी नाही. मी त्याच क्षणी ठरवलं. माझीही बरणी झाली पाहिजे.

जायच्या सकाळी नाक वाहू लागलं. काढा प्यालो, वाफ घेतली, ओव्याची पुरचुंडी हुंगली. कुणाला कळू दिलं नाही. अण्णांना मात्र गाडीत शंका आली असावी. त्यांनी न बोलता आपला रुमाल माझ्याकडे सरकवला होता. मी तो न बोलता परत केला.

प्रयोगशाळेत काचेपलीकडे बरण्या रांगेत होत्या. आत गुलाबीसर फुप्फुसं संथपणे फुगत होती, बसत होती. अण्णांनी विचारलं, यातलं माझं कोणतं? तनुजा म्हणाली, बरणीवर नावं लिहीत नाहीत, मलाही ठाऊक नसतं. माझ्या छातीत थंडावा पसरला. "म्हणजे कुणाचंही असू शकतं," मी जरा मोठ्यानेच म्हणालो.

अण्णांनी टोपी काढली आणि पहिल्या बरणीपासून शेवटच्या बरणीपर्यंत एकेकीला हात जोडून राम राम घातला. कोणतं आपलं ते कळत नसलं, तर मांडवातल्या सगळ्याच पाहुण्यांना राम राम घातलेला बरा, असा त्यांचा हिशेब. तनुजा बघतच राहिली. मग कुणीतरी फोटो काढायचा म्हणालं. मधली जागा अण्णांना.

मी बाजूच्या टेबलाकडे वळलो. तिथे ते धुतलेलं, पांढरं, अजून कुणाचंच नसलेलं फुप्फुस होतं. मनात म्हटलं, हे माझं. आणि झाकण उचललं. पुढचं सांगून झालंय.

मी माफी मागितली. तनुजाने ती सभ्यपणे घेतली. तेवढ्यावर थांबायला हवं होतं, पण मी नाक पुसत कुंचल्याचं विचारलंच. ती म्हणाली, सर्दी असलेल्यांचं आम्ही घेत नाही, काका.

"पण तुम्ही तर या फुप्फुसांना मुद्दाम सर्दी देता."

"देतो. पण कोणती दिली, ते आम्हाला माहीत असतं."

बरे झालात की या, असं ती म्हणेल म्हणून मी थोडा वेळ उभा राहिलो. ती लाल डब्यावर चिठ्ठी चिकटवत होती.

फाटकापर्यंतचा रस्ता चढाचा आहे. मी तो तरातरा चढलो. अजून तेवढं तरी माझ्याकडे होतं. मागे वळून पाहिलं तर अण्णा अर्ध्यावरच कठड्याला टेकून बसले होते. दम लागला होता. मी खाली उतरून त्यांच्याजवळ बसलो. शिंक आली, या वेळी त्यांनी दिलेला रुमाल घेतला. आणि इतके महिने पोटात जळत असलेलं तोंडातून निघालंच.

"अण्णा, खरं सांगा. तुमच्यात असं काय आहे, जे माझ्यात नाही?"

अण्णांनी बरगडीखाली हात ठेवला, एक श्वास घेतला. तो पुरला नाही म्हणून दुसरा घेतला.

"तुमचं तुमच्यात हाय, इवाई. माझं काढलं."