तांदळातले देव

माझी बायको वासंती गेली त्या दिवशी मंगळवार होता. सकाळी तिने पूजा केली, दुपारी ती गेली, संध्याकाळी घरी माणसं जमली. त्यानंतर मी देवांना हात लावला नाही. सुतक फिटलं, दिवसकार्य झालं, तरी देव्हाऱ्यापुढे बसावंसं वाटेना. राग म्हणावा तर रागही नव्हता. एखाद्याशी बोलणं तुटतं आणि मग कुठून सुरुवात करावी ते सुचत नाही, तसं काहीतरी झालं होतं. माझी थोरली बहीण, अक्का, साताऱ्यात आमच्या शेजारच्या गल्लीत राहते. ती रोज येऊन पूजा करून जायची. मला काही बोलायची नाही, पण घंटा गरजेपेक्षा जरा जोरात वाजवायची.

पुढे काही महिन्यांत मी ज्या छापखान्यात मुद्रितं तपासायचो तो बंद झाला, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर मुंबईची नोकरी चालून आली. लोअर परळच्या एका कंपनीत शाळेच्या पुस्तकांचा मराठी मजकूर तपासायचं काम. लालबागच्या एका चाळीत भाड्याने खोली मिळाली. निघताना स्टँडवर अक्का सारखी तांदळाच्या डब्याबद्दल काहीतरी सांगत होती. बसचा कंडक्टर ओरडत होता, सामानाचा टेम्पोवाला फोनवर पत्ता विचारत होता. मी "हो, हो" म्हणत राहिलो. इंद्रायणी तांदूळ मुंबईत महाग मिळतो म्हणून ती एवढं सांगतेय, अशी माझी समजूत.

मुंबईत पाऊल ठेवल्यापासून एकही गोष्ट सरळ झाली नाही. गल्लीच्या तोंडाशी मांडवाचे बांबू उभे राहिले होते, कारण चाळीच्या आवारातल्या दत्तमंदिराचा उत्सव दोन दिवसांवर आला होता. टेम्पोवाल्याने सामान हमरस्त्यावर उतरवलं आणि "आगे नहीं जाएगा" एवढं बोलून तो गेला. माझं लाकडी कपाट जिन्याच्या वळणावर असं अडकलं की ते वरही जाईना, खालीही येईना. शेवटी हमालांनी ते तिथेच भिंतीला टेकवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर कोणीतरी त्यावर ओला टॉवेल वाळत घातलेला. एजंटने ज्याला स्वतंत्र स्वयंपाकघर म्हटलं होतं, ती कमरेएवढी एक भिंत होती. नळाला पाणी पहाटे येतं हे मला उजाडल्यावर कळलं, तेव्हा पिंप कोरडं आणि नळ कोरडा. शेजारच्या परबकाकूंनी दिलेल्या बादलीभर पाण्यात आंघोळ उरकून मी ऑफिसला पोचलो, तर दारातलं यंत्र माझं कार्ड घेईना. "सर, सिस्टम में आपका नाम ही नहीं है," सुरक्षारक्षक शांतपणे म्हणाला. नव्या नोकरीची पहिली सकाळ मी काचेच्या दाराबाहेर, कुंडीतल्या प्लास्टिकच्या झाडाशेजारी बसून काढली.

शनिवारी सुट्टी होती. त्या दिवशी दत्तजयंती. मी खोक्यांच्या मधोमध जमिनीवर बसलो होतो. चहाची पूड कुठल्या खोक्यात आहे ते सापडत नव्हतं. तेवढ्यात दारात परबकाकू आणि दुसऱ्या मजल्यावरची सुमन उभ्या राहिल्या. हातात मोठी पिशवी. संध्याकाळच्या महाप्रसादासाठी प्रत्येक खोलीतून तांदूळ गोळा करायची इथली पद्धत आहे. ज्याला जेवढे जमतील तेवढे. मूठभर दिले तरी चालतात, पण खोली सुटता कामा नये.

"काका, दत्ताला तांदूळ," सुमन म्हणाली.

मला तेव्हा कोणी काही मागणं सहन होण्यासारखं नव्हतं. मापटं शोधायचं, पुन्हा खोकी उपसायची, त्या दोघी दारात उभ्या, या सगळ्याचा इतका कंटाळा आला की मी समोर दिसणारा तांदळाचा डबाच उचलून त्यांच्या पिशवीत उपडा केला.

"अहो, सगळे नकोत! तुम्ही काय खाणार?" परबकाकू म्हणाल्या.

"असू दे. न्या सगळे," मी म्हटलं आणि दार लोटून घेतलं.

दुपारी अक्काचा फोन आला. "देव मांडलेस का?"

"कुठले देव?"

"कुठले म्हणजे? डब्यातले! धक्का लागू नये म्हणून तांदळात पुरून दिलेत. स्टँडवर चार वेळा सांगितलं तुला. बाळकृष्ण, खंडोबाचा टाक आणि वासंतीची अन्नपूर्णा."

आमच्याकडे लेकीचं लग्न झालं की माहेरचे लोक तिच्यासोबत अन्नपूर्णा देतात. वासंतीची चांदीची होती, बोटाच्या पेराएवढी. तिच्या आईने ती ओटीत घातली होती, आणि आमच्या संसारात ती सदैव एका लहान वाटीत, तांदळाच्या आसनावर बसलेली असायची. वासंतीचे कपडे वाटून झाले होते, दागिने लेकीकडे गेले होते. तिने रोज हाताळलेली तेवढी एक वस्तू राहिली होती, आणि ती मी दारातून वाटेला लावली होती. देवांना हात न लावणारा मी जिना कसा उतरलो ते मला आठवत नाही.

आवारात सतरंजीवर बायका तांदूळ निवडत बसल्या होत्या. सगळ्या खोल्यांचे तांदूळ एकत्र झालेले. मी टोकाला बसलो आणि ढिगात हात घातला.

"ओ काका, निवडताय की उकरताय?" एकजण म्हणाली. बाकीच्या हसल्या.

"माझे देव आहेत यात."

सुमन म्हणाली, "अय्या, म्हणजे आम्ही देवच मागून आणले!" आणि पुन्हा हशा पिकला. परबकाकू मात्र हसल्या नाहीत. "तरीच म्हटलं, माणूस डबाच्या डबा ओततो कसा! घरात बाई माणूस नाय का हो सांगायला?"

"नाही," मी म्हणालो. "गेली ती. यंदाच."

त्यावर कोणी सांत्वनाचं बोललं नाही, याचं मला बरं वाटलं. त्या सरकून बसल्या, मला नीट जागा दिली, आणि सगळ्यांचे हात भराभर चालू लागले. बाळकृष्ण सुमनला सापडला. टाक परबकाकूंच्या सुपात खणकन वाजला. अन्नपूर्णा मात्र मिळेना. ढीग संपला, सतरंजी झटकून झाली, तरी नाही. मग कोणाला तरी आठवलं की पहिली पाटी निवडून, धुऊन मघाशीच आचाऱ्याकडे गेली होती.

देवळामागे मोठ्या पातेल्याखाली गॅसची शेगडी धडधडत होती. आचारी, ज्यांना सगळे बाबीभाऊ म्हणतात, आधीच वैतागलेले. "ह्यात इंद्रायणी कोणी घातलान? मोकळो भात व्हायचो, त्याचो गोळो होतलो आता!" वाफेला खरोखरच आमच्या घरच्या भाताचा वास येत होता. म्हणजे ती याच पातेल्यात होती. मी झाकण काढायला सांगितलं. ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी पातेलं उलटं करायला सांगतोय.

"भात दमाक लागलो हा. आता झाकण उघडूचा नाय. दत्ताचो जन्म होवंदे, नैवद्य होवंदे, मगे बघू."

"पण त्यात माझी अन्नपूर्णा आहे."

"मगे भिता कित्याक? ती काय करपतली?" असं म्हणून ते बटाटे चिरायला वळले.

मी देवळाच्या पायरीवर बसून राहिलो. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. आत पाळणा सजत होता. मला जिन्यातल्या कपाटाचा राग आला, कोरड्या नळाचा आला, अक्काचा आला, स्वतःचा आला. आणि असं एकेक करत शेवटी वासंतीचाही आला, मला इथे एकटं पाडल्याबद्दल. इतके महिने तो कुठे दडून बसला होता कोण जाणे. सूर्य मावळला, गुलाल उधळला, बायकांनी पाळणा म्हटला. मी हात जोडले नाहीत, काही मागितलंही नाही. एवढंच मनात आलं की पातेलं माझं नाही, झाकण माझं नाही, वेळही माझी नाही. तसं वाटल्यावर रडू आलं. गुलाल डोळ्यांत गेला असेल असं समजून कोणीतरी पाण्याचा पेला आणून दिला.

नैवेद्य झाला. बाबीभाऊंनी भाताचं घमेलं माझ्याच हातात दिलं. "नुसते उभे कित्याक? वाढा. वाढता वाढता गावतली." ती सापडेल म्हणून मी वाढू लागलो. प्रत्येक डावभर भातात डोळे घालून बघत होतो. पंगतीत माझं नाव कोणाला ठाऊक नव्हतं, पण माझी हकिगत सगळ्यांना कळली होती. "काका, माझ्या ताटात आली तर परत देणार नाही हं!" असं पलीकडच्या चाळीतल्या एका आजी म्हणाल्या. लोक येत राहिले, उठत राहिले. भात चिकट झाला होता, आणि तो चिकट भात माणसं मागून मागून घेत होती. मी मोजत नव्हतो, पण एवढ्या माणसांना मी आयुष्यात कधी वाढलं नव्हतं.

सर्वांत शेवटी आम्ही वाढपी बसलो. परबकाकूंनी पातेल्याचा तळ खरवडला आणि माझ्या ताटात भात घातला. त्यात ती होती. पाठीला शितं चिकटलेली, हातातली पळी जशीच्या तशी. हाताला चटका बसला.

जड वस्तू तळाशी जाते आणि तळाचा भात शेवटी निघतो, हे मला समजतं. मी त्याविषयी कोणाशी वाद घालणार नाही. पण सगळी गल्ली जेवून उठेपर्यंत ती वर आली नाही, आणि आली तेव्हा माझ्या ताटात आली, हेही मी पाहिलं आहे. मी वैतागून जे दारातून देऊन टाकलं, ते तसंच्या तसं स्वीकारलं गेलं. मन चांगलं करून मग ये, असं मला कोणी म्हटलं नाही. शरण जाण्यासाठी आधी शांत व्हावं लागतं असं मी पुस्तकांत वाचत आलो होतो. मला तरी तसं लागलं नाही. हातातलं सुटावं लागलं, एवढंच.

अक्काला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "वासंती हसली असती."

वासंती नाही, त्यात काही बदल झालेला नाही. सकाळी मी पूजा करतो, आणि मग कामाला जातो.