शिरीषदादांची बँक

सिंगापुरात आमच्या सेंगकांगच्या एलआरटीत, म्हणजे इथल्या छोट्या मेट्रोत, कुठे मराठी ऐकू आलं, की शिरीषदादा हातातल्या पिशव्यांसकट तिकडे सरकायचे. नाव-गाव नंतर, आधी "नोकरीला कुठे?" उत्तरात आमच्या बँकेचं नाव आलं नाही, की त्यांना त्या माणसाची मनापासून कीव यायची. "सीव्ही पाठवून द्या, बघतो मी," म्हणायचे, आणि खरंच बघायचे. चांगी बिझनेस पार्कमधल्या त्या ऑफिसात मलाही त्यांनीच आणलं. निम्मा मजला तुम्हीच भरलात, असं आम्ही त्यांना चिडवायचो. ते त्यांना फार आवडायचं.

त्यांचं बालपण एका गिरणीच्या गावात गेलं. भोंगा झाला की गाव उठायचं, भोंगा झाला की जेवायचं. गिरणी बंद पडली तेव्हा आधी कामगार गेले, मग शिंपी, मग वाणी, शेवटी शिकवणीचे मास्तर. हे दादा अगदी रंगवून सांगायचे. एकदा आमच्याकडे जेवताना माझ्या बायकोने विचारलंच, की मग इथे आपण वेगळं काय करतोय? सगळेच तर एका बँकेवर बसलोय. दादांनी भात कालवता कालवता तिच्याकडे कौतुकाने पाहिलं.

"अगं, ती गिरणी होती. ही बँक आहे."

नीलेश आणि ऋचा हे त्यांचं लाडकं जोडपं. दोघांनाही दादांनीच चिकटवलेलं, दोघांचेही इथे राहायचे-कामाचे पास त्याच बँकेच्या नोकरीवर. ऋचाला पाया लेबारच्या एका औषध कंपनीत चांगली नोकरी मिळत होती, तेव्हा ती आधी दादांना विचारायला गेली. एकत्र जाता-येता, मुलीचं काही झालं तर शेजारच्या टेबलावर आपलं माणूस असतं, असं दादांनी तिला तासभर समजावलं. "आपली माणसं सोडून कुठे जातेस?" तिने नकार कळवला. यात दादांचा कणभरही स्वार्थ नव्हता, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटतं.

पुढे बँकेने आमचं सगळं काम दुसऱ्या देशात हलवलं. नोकरीबरोबर पासही गेले. फूड कोर्टातला आमचा पोळीभाजीचा स्टॉल बंद झाला, रविवारची मराठी शाळा मुलांअभावी थांबली. दादा आणि मी इथले नागरिक, म्हणून राहिलो. दादा प्रत्येकाला एअरपोर्टवर सोडायला जायचे. नीलेश-ऋचा मुलीला घेऊन निघाले, तेव्हा मीही सोबत होतो. ऋचा दादांच्या पाया पडली. तिने त्यांना एका शब्दानेही दोष दिला नाही. परतताना टॅक्सीत दादा एवढंच म्हणाले, "तिला जाऊ दिलं असतं, तर तिघं इथेच असते रे."

त्यांचं 'बघतो मी' तेव्हापासून बंद झालं.

परवा एलआरटीत पुण्याचं एक तरुण जोडपं भेटलं. नुकतंच आलेलं, दोघंही एकाच बँकेत, आणि त्याचाच आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता. दादांनी हातातल्या पिशव्या खाली ठेवल्या. मग संकोचून म्हणाले, "जमलं तर एकाने दुसरीकडे बघा."

तो मुलगा हसला. "अहो काका, बँक आहे ती."

दादांनी मान हलवली आणि पुढच्याच स्टेशनला उतरले. आमचं स्टेशन अजून यायचं होतं. मीही त्यांच्यामागे उतरलो.