उतरलेला पंचम

मी भरमू, हिंडलग्याचा. पद्माक्काच्या बँडमध्ये ड्रम वाजवतो, म्हणून या हकिकतीत माझ्याकडून न्यायाधीशाचा तोल कुणी मागू नये. आण्णासाहेबांचा मला राग आहे. हे लिहून झाल्यावरही तो राहणार आहे.

पद्मावती मगदूम मूळची निपाणीची. वडिलांची तंबाखूची वखार, घर बस्तीच्या गल्लीत. बस्ती म्हणजे त्यांचं जैन मंदिर. तिथं पूजेच्या वेळी गाणारं-वाजवणारं एक मंडळ होतं आणि त्याचे प्रमुख आण्णासाहेब, व्हायोलिनवाले. पद्माक्का फ्रॉकात होती तेव्हापासून त्यांच्याकडं शिकली. त्यांचा मुलगा सन्मती तिच्याच वयाचा, दोघं एकाच चटईवर बसून शिकले. पुढं गल्लीतल्या बायका उघड म्हणायला लागल्या की पोराचा हात बरा आहे, पण पोरीचा हात काही औरच आहे. हे बोलणं गुरूच्या घरात कसं लागलं असेल ते सांगायला नको.

मग बेळगावातल्या एका संगीत विद्यालयात व्हायोलिनच्या शिक्षकाची जागा निघाली. लोकांसमोर वाजवून निवड व्हायची होती. सन्मती आणि पद्माक्का दोघंही उमेदवार. आण्णासाहेबांनी दोघांची वाद्यं स्वतः जुळवून दिली. त्यांच्यात रीतच होती तशी. गुरूनं जुळवून हातात दिलेल्या वाद्याच्या खुंटीला शिष्यानं त्या बैठकीत हात लावायचा नाही. लावला तर गुरूला सूर कळत नाही असं चारचौघांत म्हटल्यासारखं होतं.

पद्माक्कानं पहिला गज ओढला तेव्हाच तिला कळलं. पंचमाची तार उतरलेली होती. फार नाही, केसभर. तिनं आण्णासाहेबांकडं पाहिलं तर ते डोळे मिटून मांडीवर ताल धरून बसलेले. ती तार चुकवत चुकवत तिनं कसंबसं वाजवलं, पण गज लागायचा तिथं लागायचाच. परीक्षकांनी शेरा मारला, 'हात तयार, कान कच्चा.' जागा सन्मतीला मिळाली, आणि तो शेरा पद्माक्काला असा चिकटला की पुढं तिला साथीला कुणी बोलवेना.

घरी सांगितलं तर आई म्हणाली, "हवेनं उतरली असंल गं. देवमाणूस हाय त्यो." सगळी गल्ली हेच म्हणाली. तारा हवेनं उतरतात हे खरंच आहे, त्यामुळं तिला खोटं पाडायला कुणाला कष्ट पडले नाहीत. सन्मतीलाही तेच खरं वाटत होतं. तो भला माणूस. आपण चांगलं वाजवलं म्हणून आपल्याला जागा मिळाली, एवढंच त्याला माहीत.

पर्युषण संपलं की जैन लोकांत क्षमावाणीचा दिवस येतो. लहानथोर सगळे बस्तीत जमतात, एकमेकांपुढं हात जोडतात, वर्षभरात कळत-नकळत काही चुकलं असेल तर क्षमा करा म्हणतात. समोरचा 'उत्तम क्षमा' म्हणतो. चांगली रीत आहे. आमच्यात असती तर हिंडलग्यातली बांधाची निम्मी भांडणं कोर्टात गेलीच नसती. पण आण्णासाहेब दर वर्षी पद्माक्कापुढंही तसेच हात जोडायचे, तेच वाक्य म्हणायचे आणि पुढच्या माणसाकडं सरकायचे. ती तोंड मिटून उभी राहायची. लोक नावं ठेवायचे तीही तिलाच, पोरगी लई ताठ आहे म्हणून.

मला ती एकदा म्हणाली, "काय केलं ते त्येनं तोंडानं सांगू दे, भरमू. चारचौघांत. त्या वर्साला करीन क्षमा."

तोवर ती बेळगावात शिकवण्या करत होती. मी वरातीपुढं बेंजो पार्टीत वाजवायचो. शहापूरच्या स्वरूपनं आम्हाला एकत्र आणलं. त्याच्या घरात यंत्रमाग. आईला हाक मारायची तरी मागांच्या वर आवाज चढवावा लागायचा, त्यातनं त्याचा गळा खरखरीत, ओरडका झाला. त्याला मेटल बँड काढायचा होता. मेटल म्हणजे गिटार आलीच, म्हणून एक गिटारवालाही आणला होता. तो आठवडाभर टिकला. पद्माक्का आपली पंचमाची तार केसभर उतरवूनच ठेवायची आणि त्या तारेशी गिटारचं काही केल्या जमेना.

"आक्का, तेवढी तार जुळवून घ्या की," तो म्हणाला.

"तार हीच ऱ्हाणार. तुला जमत नसलं तर गिटार घरी ठेव."

त्यानं गिटारबरोबर स्वतःलाही घरी ठेवलं. मग आम्ही गिटारचा नादच सोडला. पद्माक्कानं व्हायोलिन ॲम्पला जोडलं, सूर एक सप्तक खाली नेणारं पेडल घेतलं, आवाज फाडणारं दुसरं घेतलं. ती उतरलेली तार शेजारच्या तारेवर घासली की उसाची ट्रॉली चढावर गिअर बदलते तसा आवाज यायचा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला कुणाला तरी हाणावंसं वाटलं होतं. बँडचं नाव तिनंच ठेवलं, 'उतरलेला पंचम'. पोरांना ते भारी वाटलं. काळे टी-शर्ट घातलेली पोरं कोल्हापूर-धारवाडहून ऐकायला यायला लागली.

यंदा श्रावणात बेळगावातल्या एका मोठ्या सभागृहात आमचा कार्यक्रम ठरला. पद्माक्का म्हणाली, "सुरुवातीला माझ्या गुरूंचा सत्कार करायचा." मला वाटलं ही विरघळली. मी तिच्याशी धड बोललोही नाही. ती स्वतः नारळ घेऊन निपाणीला गेली आणि आण्णासाहेबांना आमंत्रण देऊन आली. सत्काराला नाही म्हणणारा माणूस आमच्या भागात अजून जन्माला यायचाय. आण्णासाहेब आले ते एकटे नाही, बस्तीच्या गल्लीतली माणसं ट्रॅक्स गाड्यांत भरून घेऊन आले. सन्मतीही आपले विद्यार्थी घेऊन पुढच्या रांगेत बसला.

फेटा, शाल, श्रीफळ, सगळं यथासांग झालं. मग पद्माक्कानं माईक घेतला.

"आमच्या बँडचा आवाज या एका तारेचा आहे," ती म्हणाली. "ही तार अशी मी लावलेली नाही. निवडीच्या दिवशी आण्णांनी ती अशी जुळवून माझ्या हातात दिली. तेव्हापासून मी ती बदलली नाही. जे काय आहे ते त्यांचं. आण्णांनी दोन शब्द बोलावेत."

तेव्हा कुठं माझ्या टाळक्यात उजेड पडला. शाल पांघरलेल्या माणसाला उठून जाता येत नाही. माझा अंदाज, म्हातारा आता त-त-प-प करणार, नाहीतर हवेवर ढकलणार. पद्माक्काचाही तोच अंदाज होता, असं तिनं नंतर सांगितलं. त्याला घाम फुटलेला गल्लीनं बघावा, एवढीच तिची इच्छा होती. पण समोर पोरं शिट्ट्या वाजवत होती, टाळ्या थांबत नव्हत्या, आणि हा माणूस मोठेपणाला किती हावरा आहे हे आम्ही दोघंही विसरलो होतो.

आण्णासाहेबांनी फेटा सावरला. "लोक म्हणत्यात तार हवेनं उतरली. हवेला काय कळतंय? मी उतरवली. मुद्दाम उतरवली. गुरूला फुडचं दिसतंय. सन्मतीचा हात नोकरीपुरता, म्हणून त्येला नोकरी. हिचा हात मोठा. ही नोकरीला चिकटली असती तर आज हितं असती व्हय?"

पोरांनी सभागृह डोक्यावर घेतलं. निपाणीची माणसं मात्र एकमेकांची तोंडं बघत बसली. पद्माक्काची आई तिसऱ्या रांगेत होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि मान खाली घातली. सन्मतीच्या शेजारचा एक विद्यार्थी हसला, त्याला वाटलं सर चेष्टेत घेतील. सन्मती बापाकडं बघत होता. मग तो उठला आणि मधल्या वाटेनं सरळ बाहेर गेला. पद्माक्कानं मला मानेनं खूण केली आणि आम्ही वाजवायला सुरुवात केली. त्या दिवशी मी ड्रमची एक काठी मोडली. एवढं चांगलं मी आयुष्यात वाजवलेलं नाही.

त्यानंतर सन्मतीनं व्हायोलिनला हात लावला नाही असं कानावर आलं. विद्यालयात जातो, सही करतो, पोरांना तोंडी शिकवतो. बापाशी बोलणं बंद.

भाद्रपदात क्षमावाणी आली. दुसऱ्या दिवशी आमचा कोल्हापुरात कार्यक्रम होता, म्हणून सामानाचा टेम्पो वाटेत निपाणीला थांबवला. मी बस्तीच्या दारात उभा राहून बघत होतो. आण्णासाहेब खुर्चीवर बसलेले, येणाऱ्या-जाणाऱ्याला हात जोडत होते. लोक उत्तर देत होते, पण पाय न थांबवता. सन्मती बायकोमुलांना घेऊन आला. त्यानं सगळ्यांपुढं हात जोडले, शेजारच्या लहान पोरांपुढंही जोडले. बापापुढं आला आणि तसाच पुढं गेला.

म्हाताऱ्याचे हात जोडलेले तसेच राहिले. त्यांच्यापुढं पद्माक्का जाऊन उभी राहिली. त्यांना वाक्य पुरं करता आलं नाही, नुसते ओठ हलले. तिनं हात जोडले आणि सगळ्या बस्तीला ऐकू जाईल असं म्हणाली, "उत्तम क्षमा, आण्णा."

आण्णासाहेबांनी तिचे दोन्ही हात धरले आणि ते सोडेनात. रडत होते.

टेम्पोत बसल्यावर माझं डोकं फिरलं होतं. "एवढ्यावर सोडलंस व्हय त्येला? लई स्वस्तात सोडलंस, आक्का."

"शब्द दिलता मी."

"शब्दाचं काय घिऊन बसलीस? आन् सन्मतीचं काय?"

"त्येचं वाईट वाटतंय मला," ती म्हणाली. "त्येचा काय दोष न्हवता." निपाणी मागं पडल्यावर म्हणाली, "पोरगा आता क्षमा करत न्हाय, भरमू. म्हातारा मरूस्तोवर न्हाय करणार. त्येला वर्साला मनापासनं म्हटलेली एकच क्षमा मिळणार, माझी. ती घ्यायला त्येनं दर वर्साला माझ्याफुडं हात जोडून बसायचं. आन् मी एकबी वर्स चुकवायची न्हाय."