चार कॅमेऱ्यांत एक बांध

‘जमेल का?’ असं दिपिकाला विचारायची सोय नाही. हायवेवर गडब गावात तिचं कॅमेऱ्यांचं दुकान. कुणी तसं विचारलंच, तर उत्तर न देता ती शिडी लावते आणि वर चढते. पेणपासून रोह्यापर्यंत तिची ख्याती तीच.

यंदा तिला खाडीचं खारं पाणी शेतात येऊ न देणाऱ्या खारबांधाचं काम मिळालं. उधाणात बांध कुठे फुटतोय हे गावाला घरबसल्या दिसावं म्हणून चार खांबांवर चार कॅमेरे, आणि चारींची चित्रं जोडून अख्ख्या बांधाचं एकच चित्र. तिनं खपून ते जोडलं. मोबाइलवर बांध कसा सलग दिसत होता!

“हातच्या कांकणाला आरसा कशाला?” म्हणत तिनं गावाला बांधावर बोलावलं. इथल्या रीतीप्रमाणे प्रत्येक घराला बांधाचा एकेक तुकडा राखायला वाटून दिलेला. जो तो आपल्या तुकड्यावर उभा राहिला. चित्रात सगळे दिसले. सगुणाकाकी तेवढी नाही.

“वहिनीला कॅमेऱ्यानं गिळलं!” तिचा दीर जगन म्हणाला आणि लोक हसले. भाऊ गेल्यापासून हा दर बैठकीत काकीचा तुकडा मागायचा. बाईला चिखल झेपत नाय म्हणायचा. काकी मात्र एकटीच चिखल वाहून बांध लिंपायची.

ती हसली नाही. “आज मी दिसत नाय. उद्या हितं बांध फुटून खांड पडली, तर तीबी दिसायची नाय. माझं शेत खारं झाल्यावर कळंल तुमाला.”

दिपिकाचा चेहरा खर्रकन उतरला. काकीच्या तुकड्याच्या दोन्ही बाजूंना पाणी सोडायच्या दोन उघाड्या, दोन्हींची दारं अगदी सारखी. दोन्ही एकच समजून तिनं तिथं दोन कॅमेऱ्यांची चित्रं जोडली होती आणि मधला काकीचा तुकडा गडप झाला होता. “चूक माझी हाय,” ती सगळ्यांदेखत म्हणाली आणि शिडीवर चढली.

“काकी, जागची हलू नको गो!”

दोन्ही चित्रांच्या कडेला काकीचं लाल लुगडं येईपर्यंत ती कॅमेरे वळवत राहिली. मग त्या लुगड्यावरच तिनं चित्रं जोडली. तोवर भरतीचं पाणी बांधाला लागलं होतं.

काकीनं मोबाइल डोळ्यांजवळ धरला. “मंजे दोन्हीकडचा बांध माझ्यापाशी जोडलाय?”

“व्हय. तू नसतीस तर पुरा झालाच नसता.”

काकीनं मोबाइल जगनच्या हातात ठेवला. “भावोजी, नीट बघून घ्या,” ती म्हणाली, आणि चिखलाचं घमेलं डोक्यावर घेऊन आपल्या तुकड्यावर गेली.